नोकरी मागायला गेलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे. वरच्या जबड्याची. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. हसतील त्याचे दात दिसतील, आणि तुमचे दात स्वतःचे आहेत तोवर हसूनच घ्या. छत्रीचे, फळ्याचे, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिले असेल. माझे कोणी लिहायला सांगत नाही, कारण मला बशीत पाहिले की लोक तोंड फिरवतात. म्हणून माझे मलाच सांगावे लागते आहे. आज मी दोन तुकड्यांत आहे. ते तुकडे कसे झाले, तेच सांगते.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत माझा कारागीर दात बनवायचा. खोली एवढीशी. एक लांब बाकडे, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरच्या जबड्यांची रांग आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. कारागिराला कामाला लागून तेव्हा चौथे वर्ष होते. शाळेत तो फारसा रमला नाही. एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी स्टुलावर बसला आणि बघूनबघून शिकला. त्या धंद्यात आमच्या गावी कोणी शिकल्याचा कागद विचारत नसे. "कुणाच्या हाताखाली होतास?" एवढे विचारत, आणि उत्तर ऐकून मान डोलवत.

त्याची बोटे मात्र विलक्षण होती. मेणाची पट्टी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून, डोळे मिटून तो सांगे, "इथं केसभर जास्त जाड आहे." मोजून पाहिले की खरेच असे. तोंडाने तो अखंड बडबडायचा, गाणी म्हणायचा, डॉक्टरांच्या नकला करायचा, पण बोटे आपली शांतपणे काम करत राहायची.

मी बनले ती त्याच्या आईसाठी. तिचे वरचे सगळे दात गेले होते. त्याने मेणात दात बसवून तिला घालून पाहायला दिले, तर तिने आरशात बघून नाक मुरडले. "कवायतीला उभे केल्यासारखे काय रे लावलेस? हे माझं तोंड नव्हे." असे तीनदा झाले. चौथ्यांदा त्याने तिचा तरुणपणीचा फोटो समोर ठेवला आणि पुढचा एक दात शेजाऱ्यावर किंचित चढवला. आईने पुन्हा आरसा घेतला. "हां! आता मी मला दिसले," ती म्हणाली. मग मेणाच्या जागी पक्का मसाला भरून, उकळून, घासून, चकचकीत करून मला तिच्या तोंडात बसवले.

अकरा वर्षे मी त्या तोंडात राहिले. मी चावले, चघळले, तिच्या शिव्या आणि तिची भजने दोन्ही माझ्यावरूनच बाहेर पडली. ती शिवणकाम करायची आणि दोरा दाताने तोडायची. "आई, कात्री घे ना, कवळी फुटेल," कारागीर ओरडायचा. ती ऐकायची नाही. आणि मी काही फुटले नाही. डॉक्टर मला हातात घेऊन इतरांना दाखवायचे, म्हणायचे, "अकरा वर्षं, आणि एक तडा नाही!" मला गर्व होत असे, मित्रांनो. मला वाटे, मी जातीचीच मजबूत.

याच काळात कारागिराची बायको परदेशी गेली. ती परिचारिका. तिला एका मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून कारागीर आणि त्यांची लहान मुलगी छकुली मागे राहिले. दोन वर्षे फोनवर संसार चालला. मग आई गेली. कारागिराने मला स्वच्छ धुतले, पुसले, एका पत्र्याच्या डबीत कापसावर ठेवले आणि डबी सामानात टाकली. असे आम्ही तिघे बायकोकडे आलो. तिकडे काम होते तर कुटुंब नव्हते, इकडे कुटुंब मिळाले तर काम नव्हते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हेच असावे.

इंग्रजी त्याला येत नव्हते असे नाही. वाचलेले थोडेसे समजायचे. पण समोरचा बोलू लागला की त्याची दातखीळ बसायची. दिवसभर बडबडणारा माणूस, दुकानात दूध मागायचे तर बोटाने दाखवू लागला. बायकोने कंबर कसली. तिने त्याच्यासाठी अर्ज लिहिले, रात्रपाळीहून येऊन लिहिले, आणि तिच्या इंग्रजीत इतके झोकदार लिहिले की वाचणाऱ्याला वाटावे, हा माणूस भाषण ठोकतो. मग फोन यायचे. हा फोन उचलून "येस, येस" म्हणायचा आणि घाम पुसत ठेवून द्यायचा.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव चालायचा. छकुली साहेब व्हायची. ती इकडच्या शाळेत सहा महिन्यांत पोपटासारखी बोलू लागली होती. ती चष्म्याची रिकामी चौकट नाकावर ठेवून इंग्रजीत विचारायची, "तुम्हाला काय काम येतं?" हा तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"बाबा, मला तर रोज एवढ्या गोष्टी सांगता!"

"ती मराठीत सांगतो ना गं."

दातांच्या एका कारखान्यातून अखेर भेटीचे बोलावणे आले. कारागिराने कोट घातला आणि खिशात मला घातले. बायकोला वाटले, कामाचे फोटो घेतले असतील. साहेब बोलत होता, सोबत आलेली बायको कारागिराला मराठीत सांगत होती आणि याचे उत्तर इंग्रजीत करत होती. साहेबाने विचारले, नमुना आहे का? कारागिराचा चेहरा उजळला. त्याने डबी उघडून मला टेबलावर ठेवले. साहेब खूश झाला, मला उलटेपालटे केले, आतल्या बाजूला झिजेच्या खुणा दिसल्या तेव्हा थबकला. ही वापरलेली आहे का? बायकोने खरे ते सांगून टाकले. हो, यांच्या आईची. त्या आता नाहीत.

साहेबाने मला पेन्सिलीने ढकलून दूर केले. खणातून जंतुनाशकाची बाटली काढून हात चोळले. पुढचे बोलणे दोन मिनिटांत संपले.

जिन्यात बायको भडकली. "अहो, गेलेल्या माणसाचे दात घेऊन नोकरी मागायला कोण जातं?"

"अकरा वर्षं टिकलीय ती. याहून मोठा दाखला कुठला आणू?"

"त्यांना किळस येते! कळत नाही तुम्हाला?"

"मग काय दाखवू? बोलता येत नाही मला," तो म्हणाला. मी डबीत होते. डबी त्याच्या छातीशी होती, आणि आतून येणारी धडधड मला स्पष्ट ऐकू येत होती.

दुसऱ्या ठिकाणी त्याने मला नेले नाही. तिथे त्याला थेट विचारले, धातूचे काम येते का? हा म्हणाला, "लिटिल, लिटिल." बायकोने कपाळावर हात मारला. पंधरा वर्षे केलेले काम, आणि म्हणे थोडे थोडे! घरी येऊन ती म्हणाली, "थोडं काय? तुमच्याइतकं कुणाला येतं?" तर हा खाली मान घालून म्हणतो, "आपल्याच तोंडानं आपलं कौतुक कसं सांगायचं?" तिसऱ्या ठिकाणी प्रशिक्षणाचा कागद मागितला, चौथ्यानेही तोच मागितला. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला, त्याच्याकडे स्वतःचाच कागद नव्हता, तो याला कुठून देणार?

शेवटी त्याने मिळेल ते काम धरले. गावाबाहेर एक शीतगृह होते. तिथे गोठवलेल्या मटारच्या पिशव्या खोक्यांत भरायच्या. बोलायची गरज नाही. हातमोज्यांवर हातमोजे घालायचे आणि भरत राहायचे. मी स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या किल्ल्या आणि सुतळीच्या गुंड्यांबरोबर पडून राहिले. कोणी डबी उघडेना. मला राग यायचा, मग रागही यायचा बंद झाला.

चौदा महिने गेले. एका सकाळी छकुलीच्या कोटाचे बटण लावताना मी त्याला ऐकले. खण अर्धा उघडा होता. एक बटण, आणि तो किती वेळ झगडत होता. "बाबा, उशीर होतोय," छकुली म्हणाली. बायकोने येऊन बटण लावले. छकुली गेली. मग बायकोने त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या बोटाच्या टोकावर टाचणी टेकवली.

"कळतंय?"

तो टाचणीकडे बघत राहिला.

"अहो, कळतंय का?"

"नाही. बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "सांगून काय करणार होतीस?"

मला वाटले, मी तिथल्या तिथे फुटेन. ज्या बोटांनी मला घडवले, त्या बोटांना आता टाचणी कळत नव्हती. बायकोने टाचणी खाली ठेवली. त्यातच शीतगृहाने त्याला पक्क्या कामावर घ्यायचे ठरवले होते. दोन वर्षांचा करार, शुक्रवारी सही. लोक अशा कागदाची वाट बघतात. तो कागद टेबलावर पडला होता आणि दोघेही त्याच्याकडे बघत नव्हते.

"मी परत जातो," तो म्हणाला. "तिकडे डॉक्टर अजून बाकडं देतील. छकुली राहू दे तुझ्याजवळ."

"आणि मी? दोन वर्षं फोनवर संसार केला तो पुरला नाही का? परत जायला बोलावलं होतं तुम्हाला?" ती रडतच बोलत होती. "नुसता नवरा म्हणून बोलावलं नव्हतं हो मी तुम्हाला. हसणारा माणूस बोलावला होता."

त्या दिवशी ती सुट्टी टाकून बाहेर पडली. गावात दातांची एक लहानशी कार्यशाळा उरली होती, एका म्हाताऱ्या मालकाची. तो नवी माणसे घेत नाही असे सगळे म्हणत. ती दारात उभी राहिली, दाताच्या कण्या केल्या, आणि शुक्रवारी सकाळची दहा मिनिटे मागून आणली. घरी येऊन तिने बजावले, "हे शेवटचं. आणि हे बघा, आईंची डबी न्यायची नाही."

त्याने मान हलवली. शुक्रवारी सकाळी ती बूट घालत होती तेवढ्यात त्याने खण उघडला, डबी खिशात टाकली.

मित्रांनो, त्या कार्यशाळेत शिरताच मला घरी आल्यासारखे वाटले. तेच बाकडे, तोच दिवा, तीच पांढरी भुकटी. मालक जाड भिंगांचा चष्मा लावून काम करत होता. त्याने मान वर न करता कागद मागितला. बायको समजावू लागली. त्याने मान हलवली. नाही. तेव्हा कारागिराने मला काढून बाकड्यावर ठेवले. बायकोने डोळे मिटून घेतले.

मालकाने मला उघड्या हाताने उचलले. दिव्याजवळ धरले. अंगठा आतून फिरवला, चढवलेल्या दातावर नख टेकवले. मग बराच वेळ काही बोलला.

"ते म्हणतात, काम उत्तम आहे," बायको म्हणाली. "पण ही तुम्हीच केलीत कशावरून? विकत घेतलेली कुणीही आणेल, म्हणतात."

कारागिराने इकडेतिकडे पाहिले. बाकड्यावरचा कागद ओढला, पेन्सिल मुठीत धरली, कारण बोटांत ती नीट राहत नव्हती, आणि माझे चित्र काढले. टाळूला टेकणारी माझी कमान. आणि त्या कमानीच्या आत एक रेघ, डावीकडून निघून तीन वळणे घेत उजवीकडे गेलेली. मालकाला कळेना. मलाही कळेना.

"ही तार आहे," कारागीर बायकोला म्हणाला. "आतमध्ये. बाहेरून दिसत नाही. आई दोरा दाताने तोडायची, ऐकायची नाही, म्हणून घातली. त्यांना सांग, कापून दाखवतो."

आणि मी तेरा वर्षे मिरवत होते, की मी जातीचीच मजबूत!

बायकोने मालकाला काही सांगितले नाही. तिने मला झडप घालून उचलले. "नको. आईंची एवढी एकच वस्तू आहे आपल्याकडे. मी वाईट बोलले असेन या कवळीला, पण हे नको."

"आई इथं असती ना," तो शांतपणे म्हणाला, "तर तिनंच तोंडातून काढून दिली असती."

बायकोची मूठ उघडली. मग तिने मालकाला तारेचे सांगितले.

त्याने बारीक करवत घेतली. मला शिकंज्यात धरले. मी घाबरले होते, खोटे कशाला बोलू? करवत फिरू लागली तशी गुलाबी भुकटी उडाली, आणि त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. तो काहीतरी पुटपुटत होता. मध्ये एकदा करवत थांबली. मला वाटले, तो सोडून देणार. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केले. मग कट्ट असा आवाज झाला आणि माझे दोन भाग झाले.

मालकाने अर्धा भाग उचलून चित्रावर ठेवला. कापलेल्या कडेत तारेचे टोक चमकत होते, रेघ होती त्याच जागी. त्याने दुसरे अर्धे ठेवून पाहिले. तेही जुळले. कडेची जाडी सगळीकडे एकसारखी होती. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. त्याने पायाने एक स्टूल पुढे सरकवले आणि प्लास्टरचा जबडा व मेणाची पट्टी कारागिरापुढे ठेवली.

बायकोने दोन्ही हात तोंडावर घेतले. कारागीर स्टुलावर बसला, दिवा पेटवला, मेण ज्योतीवर धरले. मी आनंदाने वेडी झाले होते. आणि मग करपल्याचा वास आला.

मेणाचा नव्हे. त्याच्या तर्जनीचे टोक ज्योतीत होते आणि त्याला कळले नव्हते. तो मेणाकडे बघून हसत होता.

"अहो, हात!" बायको किंचाळली.

मालकाने त्याचे मनगट धरून बाजूला घेतले. बोटे एकेक दाबून पाहिली. तर्जनी नळाखाली धरली. किती दिवस बर्फात होता, त्याने विचारले असावे, कारण बायको मान खाली घालून म्हणाली, चौदा महिने. मालकाने नळ बंद केला. मग बोलला, आणि बायकोने तुटक तुटक सांगितले. "ते म्हणतात, बर्फाचं काम आजच सोडा. सोमवारपासून इथं यायचं. तीन महिने नुसतं मेण मळायचं, झाडलोट करायची. बोटं परत आली तर हे बाकडं तुमचं. नाही आली, तर त्यांचाही इलाज नाही."

शीतगृहाच्या त्या करारावर सही झाली नाही. एक पक्के काम सोडून त्याने एका 'तर'वर संसार ठेवला आहे, आणि घरात त्याची भीती रोज वावरते. बायको जादा पाळ्या करते. तो सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसतो, मग जातो आणि दिवसभर मेण मळतो. पहिल्या महिन्यात काहीही झाले नाही. दुसऱ्यातही नाही. रोज सकाळी बायको टाचणी टेकवते, तो नाही म्हणून मान हलवतो आणि छकुली दुसरीकडे बघते.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या गावात, तुमच्या शेजारी कोणी असा नवा माणूस आला, आणि त्याला तुमची भाषा येत नसली, तर त्याला मुका समजू नका. त्याच्या हाताला पहिले मिळेल ते काम देण्याआधी, ते हात आजवर काय करत होते एवढे विचारा. त्याला सांगता येत नसेल तर कागद-पेन्सिल द्या आणि जरा थांबा. दहा मिनिटे लागतात. माझ्या कारागिराला ती दहा मिनिटे मिळायला फार उशीर झाला. मी कवळी आहे, माझे तुकडे कोणीही जोडेल. बोटांचे तसे नसते.

परवा संध्याकाळी त्याने डबी उघडली. मला जोडायचे त्याच्या मनात नव्हते, नुसते हातात घ्यायचे होते. एक तुकडा उचलून तो खिडकीशी उभा राहिला आणि सवयीने अंगठा माझ्या कापलेल्या कडेवरून फिरवू लागला, जिथे तारेचे टोक वर आले आहे.

"आई गं!" तो ओरडला.

बायको हातातले टाकून धावत आली. त्याच्या अंगठ्यावर रक्ताचा एक बारीक थेंब होता आणि तो त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत होता.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"दुखलं," तो म्हणाला. "अगं, दुखलं मला!"